पाहुणी म्हणून नोंदवलेली सून

माझ्याच घरात माझ्या होणाऱ्या सुनेची पाहुणी म्हणून नोंद करायची वेळ माझ्यावर आली, ती तिच्या पहिल्याच दिवशी. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं ताबडतोब पोलिसांना ऑनलाइन कळवायचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घर माझ्या नावावर, म्हणून कळवणारी मी. मुलगा लॅपटॉप घेऊन शेजारी बसला आणि एकेक प्रश्न वाचून दाखवू लागला. पाहुणी कुठून आली, कशासाठी आली, किती दिवस राहणार. शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, लिही, कायमची. तो हसला आणि म्हणाला की तिथं फक्त तारीख लिहिता येते. मग तिच्या पर्यटक व्हिसावर होती ती तारीख लिहिली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आम्ही कशाला हसतोय ते तिला कळलं नाही, पण तीही हसली.

माझी सून फिलिपीन्सची. मुलगा मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटमध्ये होता, तेव्हा त्याला डेंग्यू झाला. इस्पितळात रोज सकाळी त्याचं रक्त काढायला येणारी मुलगी ती हीच. प्लेटलेट वाढायला लागल्या तेव्हा आपल्याला वाईट वाटलं, असं तो अजून सांगतो. पुढं ह्यांच्या माघारी मी एकटी पडले म्हणून त्यानं तिकडची नोकरी सोडली आणि आमच्या घराजवळच धाटावच्या एका कारखान्यात शिफ्टवर लागला. काही महिन्यांनी ती आली, एक बॅग आणि एक राइस कुकर घेऊन.

तिच्या देशाची मला भीती वाटली नाही. बोलायचं कसं, याची वाटली. मी शाळेत जन्मभर मराठी शिकवलेली बाई. इंग्रजी वाचायला बरी, बोलायला घाबरट. तेव्हा तिलाच मराठी शिकवायचं मी ठरवलं. दुपारी जेवणं झाली की पाटी-पेन्सिल घेऊन बसायचो. पण तिची खरी शाळा बाजारात भरत होती. आमचं घर अष्टमीत, पूल ओलांडला की रोहा. ती रोज पिशवी घेऊन निघायची आणि मासळीवाल्या बायकांशी तासभर बोलून यायची. मी 'आहे' लिहून द्यायची, ती 'हाय' म्हणायची. सुरुवातीला तर लोक 'हाय' म्हणतात म्हणजे आपल्याला इंग्रजीत नमस्कार करतात, असंच तिला वाटे, आणि तीही हसून उलट 'हाय' करी. बाजारात ती लवकर सगळ्यांची झाली, त्याला हेही एक कारण असावं.

एका सकाळी मी तव्यावर सुकट भाजत होते. ती वास घेत जिना उतरून धावत आली. तिच्याकडं सकाळी सुका मासा तळून भाताबरोबर खातात, हे मला त्या दिवशी कळलं. तिनं रात्रीचा भात लसूण घालून परतला, वर सुकट घेतली आणि जेवायला बसली ती डोळे पुसत. मी घाबरले. ती म्हणाली, "आई, माझ्या घराचा वास." तेव्हापासून आमच्याकडं सकाळी पोह्यांच्या जोडीला भात असतो. दिवाळीला आकाशकंदीलही तिनंच बांधला, बांबूच्या कामट्यांचा, पाच टोकांचा. तिच्या देशात असाच तारा नाताळला टांगतात, म्हणून तो तिनं नाताळ होईपर्यंत उतरवू दिला नाही.

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. महिनाभराची नोटीस लागली, ती अविवाहित असल्याचा दाखला तिच्या देशातून आणावा लागला, सगळं रीतसर झालं. लग्नाच्या दाखल्यावर आमच्या पद्धतीप्रमाणं तिचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आमचं आडनाव लिहिलं गेलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्या मधल्या नावाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता तिचा पर्यटक व्हिसा बदलून भारतीयाची बायको म्हणून राहण्याचा व्हिसा घ्यायचा होता. अर्ज केला, तो परत आला. पासपोर्टवरची बाई आणि लग्नाच्या दाखल्यावरची बाई एकच असल्याचं दिसत नाही, असा शेरा होता. तिच्या देशात नावाच्या मधे आईचं माहेरचं आडनाव असतं आणि शेवटी वडिलांचं. मला ही रीत फार आवडली. आमच्यात तर आईचं माहेर नावात कुठंच उरत नाही. पण मला आवडून काय उपयोग, कागदावर दोन वेगळ्या बायका दिसत होत्या. मुलानं खुलासा लिहून पुन्हा पाठवला, तोही परत आला. व्हिसाची तारीख जवळ येत चालली. तो रात्रपाळीहून यायचा आणि झोपायच्या आधी फोन उघडून अर्ज कुठं पोचलाय ते बघायचा. ती त्याच्या तोंडाकडं बघायची आणि न विचारता चहा ठेवायची.

शेवटी मी त्याला म्हटलं की खुलासा करत बसण्यापेक्षा दाखलाच दुरुस्त करून मागू. लग्न लावलं त्या कार्यालयात आम्ही तिघं गेलो. तिथल्या गृहस्थांनी पासपोर्ट नीट पाहिला. आईचं आडनाव मधे येतं हे आपल्याला माहीत नव्हतं, असं ते सरळ म्हणाले. मग पासपोर्टवर आहे तसं नाव घालून त्यांनी दुरुस्त दाखला दिला. त्यावर व्हिसा मिळाला, एका वर्षाचा. मुलानं अख्ख्या शिफ्टला जिलबी वाटली. पुढं दर वर्षी मुदत वाढवून घ्यायची, आणि लग्नाला दोन वर्षं झाली की परदेशी जोडीदाराला मिळतं ते कायमचं कार्ड मागायचं, असा आमचा हिशोब होता. या व्हिसावर नोकरीधंदा करायचा नाही, एवढी एक अट होती.

माझं माहेर पेणचं. भावाच्या माघारी माझी वहिनी तिथं पोह्यांच्या पापडांचं काम करते. घरामागच्या पडवीत आठ-दहा बायका लाटायला बसतात. मी सुनेला पहिल्यांदा तिकडं नेलं ते नुसतं भेटवायला. वहिनी पोह्यांचं पीठ तेलाचा हात लावून कुटत होती. सून थोडा वेळ बघत राहिली, मग पदर खोचावा तशी ओढणी खोचून पोळपाटापाशी जाऊन बसली. तिची आई गावाकडं पातळ पापुद्र्यात भाजी-मांस गुंडाळून तळायचे रोल विकते, आणि ते पापुद्रे करत ही लहानाची मोठी झालेली. तिनं लाटलेला पहिला पापड वहिनीनं उचलून उजेडात धरला. आरपार दिसत होतं.

"हिचा हात हलका हाय गो," वहिनी बायकांना म्हणाली.

त्यानंतर मुलाची सकाळची शिफ्ट असली की ती एसटीनं पेणला जायला लागली. कधी मी बरोबर, कधी एकटी. नागोठणं आलं की ती मला फोन करायची, वडखळच्या अलीकडं गाडी अडकली की पुन्हा करायची. बाजारातला तास सोडला तर घरी दिवसभर बोलायला तिला मी एकटीच होते. पेणला दहा बायका होत्या. तिथं ती घडाघडा मराठी बोलायला शिकली, भांडायला शिकली आणि दुपारी भिंतीला टेकून डुलकी काढायलाही शिकली. वहिनी तिला जेवायला घालायची, निघताना पापड बांधून द्यायची. मामीकडं गेलेल्या सुनेला देतात तसं, याहून अधिक काही नाही.

हिवाळ्यात पेणला बचत गटांचं प्रदर्शन भरलं. वहिनीनं तिथं गाळा मांडला होता. बायका जेवायला गेल्या तेवढ्यात सून गाळ्यावर बसली. कुणीतरी तिचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो गावातल्या सगळ्या फोनवर फिरला आणि खाली लिहिलं होतं, 'परदेशी सुनेचा पेणमध्ये पापड उद्योग.' लिहिणाऱ्यानं कौतुकानंच लिहिलं होतं. वहिनीनं मला तो पाठवला, मी शेजारणीला दाखवला, मुलानं स्टेटसला ठेवला. आम्ही सगळे खुशीत होतो.

आठवडाभरानं परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या पोलिसांच्या जिल्ह्याच्या ऑफिसातून मुलाला फोन आला. नोकरीधंद्याची परवानगी नसताना तुमची पत्नी व्यवसाय करते, अशी तक्रार आली होती. पासपोर्ट घेऊन खुलासा द्यायला या, असं त्यांनी सांगितलं. तक्रार कुणी केली ते आम्हाला कधीच कळलं नाही आणि मी शोधलंही नाही. मुदतवाढीचा अर्ज नेमका त्याच वेळी गेलेला होता. खुलासा पटला नाही तर मुदतवाढ नाकारतील, आणि नाकारली तर देश सोडावा लागेल, असं मुलाच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. पुन्हा यायला किती काळ लागेल ते त्यांना सांगता येईना.

मुलगा एका संध्याकाळी म्हणाला की तसंच झालं तर मी नोकरी सोडून तिच्याबरोबर जाईन. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, जा, खुशाल जा, माझी काळजी करू नकोस. ते मी मनापासून म्हटलं होतं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सून मात्र आमच्या दोघांकडं बघत राहिली आणि म्हणाली की कुणी कुठं जायचं नाही, मी स्वतः जाऊन साहेबांशी बोलते. मुलानं तिला समजावलं की मी बोलेन, तू फक्त बरोबर ये. ती ऐकेना.

आमची शेजारीण कोकणी मुसलमान. तिचा नवरा उमेदीची सगळी वर्षं कुवेतमध्ये राबला, आता दोन्ही मुलगे तिकडं आहेत. तिला मी भाभी म्हणते. तिला बातमी कळली तशी ती डबा घेऊन आली आणि सुनेजवळ बसली. दर वेळी नवऱ्याच्या व्हिसाची मुदत संपत आली की आपण कशा फोनपाशी बसून राहायचो, ते तिनं सांगितलं. एकदा त्याला मधेच पाठवून दिलं होतं, तो पुन्हा गेला, पुन्हा उभा राहिला, हेही सांगितलं. "परक्या मुलखात कागदाची भीती काय असते ते आमच्या घराला विचार," ती म्हणाली. "पण ज्यानं काय चोरलं नाय त्यानं मान खाली घालायची नाय." सुनेनं तिचा हात धरून ठेवला. मस्कतला ती स्वतः अशाच कागदांवर जगली होती, त्यामुळं भाभीचं बोलणं तिला माझ्या समजावण्यापेक्षा जवळचं वाटलं असेल.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं जिल्ह्याच्या ऑफिसला निघालो. वडखळच्या नाक्यावर वहिनी उभी होती, आणि तिच्यामागं एका मॅजिक टेंपोत पापड लाटणाऱ्या बायका, नवी लुगडी-साड्या नेसून, लग्नाला निघाल्यासारख्या. मी तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, वन्सं, फोटो माझ्या गाळ्यावर निघाला, मग जबाब मी द्यायला नको का.

अधिकारी माझ्या मुलाच्याच वयाचे. खोलीत एवढ्या बायका शिरलेल्या बघून ते जरा गोंधळले, पण कुणाला बाहेर काढलं नाही, खुर्च्या आणवल्या. त्यांनी सुनेला इंग्रजीत विचारलं की तुम्ही पेणमध्ये काम करता का. मुलगा बोलायला पुढं झाला, तेवढ्यात ती मराठीत म्हणाली, "काम करते साहेब. नोकरी नाय करत."

त्यांनी मान वर केली. मग तेही मराठीत आले. "फरक काय दोन्हीत?"

तिनं थोडा विचार केला. "नोकरीला रविवारची सुट्टी असते. मामीकडं सुट्टी नाय."

मागून वहिनी म्हणाली, "बघा, ही तर मलाच आत टाकायला निघाली." बायका हसल्या. साहेबांनी हसू आवरलं आणि वहिनीला पुढं बोलावलं. तुम्ही हिला पगार देता का, असं त्यांनी सरळ विचारलं. वहिनीनं सांगितलं की ही माझ्या नणंदेची सून, हिच्या हातावर मजुरी ठेवली तर नणंद माझ्या दारात पाय ठेवणार नाही. बाकीच्या बायका रोजानं येतात, त्यांना विचारा. साहेबांनी एकेकीला विचारलं. एकीनं सांगितलं की ही लाटते त्याहून जास्त खाते. दुसरीनं सांगितलं की हिला लाटायला आम्ही शिकवलं नाही, ही शिकूनच आली, पण मराठी आम्ही शिकवलं. ते ऐकून मला जरा लागलं. तरी मी जागेवरच मान हलवली, कारण ते खरं होतं.

साहेब चांगले होते, पण त्यांनी नियम सोडला नाही. घरच्या माणसांत बसून पापड लाटण्याला कुणाची हरकत नाही, पण गाळ्यावर बसून विक्री करणं या व्हिसात बसत नाही, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिनं कबूल केलं की ते तिला माहीत नव्हतं, जेवणाच्या वेळेपुरती ती बसली होती, आणि परवानगी मिळेपर्यंत पुन्हा बसणार नाही. ते सगळं त्यांनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं की एवढी धावपळ करून तुम्हाला इथंच का राहायचंय.

मुलगा तिच्याकडं बघत होता. तिनं त्याचं नाव घेतलं नाही, माझं नाही, कुणाचंच नाही.

"मला इथं म्हातारं व्हायचं हाय," ती म्हणाली.

साहेबांनी ते वाक्य लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही. मी अहवाल पाठवतो, निर्णय वरून येईल, एवढंच ते म्हणाले आणि उठून उभे राहिले. वयानं मोठ्या बायका आल्या आहेत म्हणून उभे राहिले असतील, पण मला त्या क्षणी ते शुभ वाटलं.

चौकशीसाठी एक हवालदार अष्टमीत आले. आधी ते भाभीकडं गेले आणि चहा, मग शेवया, मग पुन्हा चहा होईपर्यंत तिनं त्यांना सोडलं नाही. आमच्याकडं आले तेव्हा विचारायला काही उरलं नव्हतं. मासळीबाजारातही ते गेले होते, असं नंतर कळलं. तिथं त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल याची मी कल्पनाच करते.

मुदतवाढ मंजूर झाल्याचा ईमेल आला तेव्हा मुलगा शिफ्टवर होता, आणि कारखान्यात फोन आत नेता येत नाही. ईमेल तिच्याही फोनवर आला. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिथून तिनं मला हाक मारली ती एवढ्या मोठ्यानं की भाभी आधी बाहेर आली. मी वर गेले तर ती ओल्या चादरी खांद्यावर घेऊन उभी होती आणि फोन माझ्यासमोर धरत होती. मी तो दोनदा वाचला. मग आम्ही दोघी तिथंच खाली बसलो, ओल्या चादरींवर, आणि भाभी खालून विचारत राहिली की काय झालं ते सांगा तरी.

दोन वर्षं पुरी झाल्यावर कार्डाचा अर्ज केला. मुंबईत मुलाखतीला बोलावलं, दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. घरात सकाळी काय करता, असं तिला विचारल्यावर तिनं भातापासून सुरुवात केली आणि पापडांपर्यंत येईतो समोरच्या बाईंनी पुरे म्हणून हात केला. यावेळी कागद परत आला नाही. कार्ड हातात आलं त्या दिवशी मुलगा तिला घेऊन थेट पेणला गेला. वहिनीनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, देवापुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि सगळ्या बायकांना त्या दुपारची सुट्टी दिली. ती सुट्टी पेणमध्ये अजून गाजते आहे.

आता तिला धंद्याची परवानगी आहे. अष्टमीत रस्त्यालगत तिनं एक छोटा गाळा घेतला, खाद्यपदार्थांची नोंदणी स्वतःच्या नावानं केली. पाटीवर तिचं पूर्ण नाव आहे, मधे आईचं आडनाव, शेवटी वडिलांचं. रंगाऱ्यानं मला दोनदा विचारलं की बाई, हे असंच लिहायचं का. मी म्हटलं, असंच, एकही अक्षर बदलू नका. गाळ्यात वहिनीचे पापड असतात, सुकटीची चटणी असते, आणि तिच्या आईच्या पद्धतीचे रोल, फक्त आत कोळंबी आणि कोबी.

उघडायच्या दिवशी ती मला स्कूटरवर मागं बसवून निघाली. आधी पूल ओलांडून रोह्यातून फुलं आणली, मग परत अष्टमीत आलो. भाभी, वहिनी आणि पेणच्या बायका गाळ्याबाहेर आधीच उभ्या होत्या. शटर वर करायला मुलगा पुढं झाला, पण तिनं त्याला बाजूला केलं आणि दोन्ही हातांनी स्वतः वर ढकललं. पहिला घाणा तेलात सोडला तेव्हा बाजारातल्या मासळीवाल्या पाट्या डोक्यावरून उतरवून बघायला आल्या होत्या. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. उशिरा आलेल्यांना तिनं सांगितलं, उद्या या, आणि रिकाम्या कढईशेजारच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसली.